ऑपरेटरच्या गाडीचे दिवे

आमच्या ह्यांना नावाने हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. सासूबाई मारायच्या, त्या गेल्या. बाकी सगळ्या गल्लीत हे ‘ऑपरेटर’. नवा भाडेकरू आला की त्याला वाटतं, टेलिफोन खात्यात असतील. मग कुणीतरी सांगतं की नाही हो, सिनेमाच्या थिएटरात मशीन चालवायचे. थिएटर बंद पडून कितीतरी वर्षं झाली, त्या जागी आता फर्निचरचं दुकान आहे आणि जिथे पडदा होता तिथे कपाटं उभी आहेत, पण ऑपरेटर ते ऑपरेटरच राहिले.

ज्या माणसाची नोकरी संध्याकाळी भरात येते त्याच्याशी लग्न करू नये, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ती गोष्ट वेगळी. दुपारी हे जेवून निघायचे ते शेवटचा खेळ सुटल्यावर परत यायचे. सुट्टीच्या दिवशी तर एक खेळ जास्त, म्हणजे जगाला सुट्टी तेव्हा ह्यांना जुंपलेलं. थिएटरात मागच्या बाजूला, वर, एक चिंचोळी खोली होती. तिच्यात दोन मशीन, रिळांचे डबे, एक स्टूल आणि हे. भिंतीत पाटीएवढा झरोका, त्याला काच. त्यातून हे सारखे पडद्यावर नजर ठेवून असायचे, कारण चित्र जरा धूसर झालं की खालून शिट्ट्या यायच्या आणि लोक ओरडायचे, "फोकस!" ह्यांच्या सबंध नोकरीत ही ओरड फार थोड्या वेळा झाली आणि त्यातली प्रत्येक ह्यांना पाठ आहे. कुणी शिव्या दिल्या तर हे हसून सोडून देतील, पण तुमच्यामुळे मला नीट दिसलं नाही असं कुणी म्हटलं, तर ह्यांना जेवण जात नाही.

तर संध्याकाळ नावाची गोष्ट आमच्या संसारात नव्हती. वाढदिवस, जेवणं, कुणाच्या घरी गप्पा मारायला जाणं, सगळीकडे मी एकटी, नाहीतर मुलीचं बोट धरून. माझी धाकटी बहीण, जिला आम्ही सगळे धाकटीच म्हणतो, जिभेने तिखट. ती चारचौघांत विचारायची, "ताई, भावोजी खरंच आहेत ना गं? का नुसता फोटो दाखवून आम्हाला फसवतेस?" सगळे हसायचे. मीही हसायचे. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जोरात आपटायचे. ऐकायला हे घरी नसायचेच, त्यामुळे तो राग फुकट जायचा.

थिएटर बंद झालं तेव्हा मालकांनी ह्यांना बोलावून विचारलं, आठवण म्हणून काय हवं? दुसऱ्या कुणी भिंतीवरचं मोठं घड्याळ मागितलं असतं. ह्यांनी मागच्या शेडमध्ये धूळ खात पडलेली मालकांच्या वडिलांची गाडी मागितली. मालकांना बरंच वाटलं असणार, भंगारवाल्याला शोधायचा त्रास वाचला. अशी ती आमच्या घरी आली. दुधात चमचाभर चहा पडावा तसा रंग, समोर दोन गोल दिवे, बंपर एवढा जाड की त्यावर दोन माणसांनी बसून चहा प्यावा. ह्यांनी ती खोलली, जोडली, परत खोलली. गाडी चालवायलासुद्धा हे त्याच वेळी शिकले, साठी समोर दिसत असताना. शिकवणाऱ्याचे केस त्या महिन्यात पांढरे झाले असं गल्लीत म्हणतात, पण ती अतिशयोक्ती आहे. थोडेसेच झाले.

मला वाटलं, नोकरी सुटली, गाडी आली, आता माझ्या संध्याकाळी मला मिळणार. पण घोडं पेंड खातं कुठे, तर दिव्यांत. त्या गाडीचे दिवे म्हणजे नावाला दिवे. दिवस मावळला की रस्त्यावर जेमतेम चार पावलं पिवळट उजेड पडायचा. हे म्हणायचे, "या उजेडात गाडी चालवण्यापेक्षा हातात कंदील घेऊन पुढे चालत गेलेलं बरं." त्यामुळे कुठेही गेलो तरी दिवेलागणीच्या आत घरी. लोकांकडे जेवणाची ताटं मांडायला सुरुवात झाली की मी उठून म्हणायचं, "आता निघायला हवं हं आम्हाला." हे वाक्य मी इतक्या घरांत म्हटलंय की लोक आम्हाला दारात बघितल्यावरच चहा टाकायचे, जेवणाचं विचारायचेच नाहीत. आधी नोकरी आडवी यायची, आता दिवे.

गेल्या थंडीत धाकटीचा फोन आला. ती टेकडीपलीकडच्या गावात शाळेची मुख्याध्यापिका. निवृत्त होत होती आणि शाळेने तिचा निरोपसमारंभ ठेवला होता, संध्याकाळी सहा वाजता. मी म्हटलं, येणार. तर ती म्हणाली, "अगं, तुम्हाला थांबता येणार नाही, माहीत आहे मला. दुपारी येऊन भेटून जा. तेवढं पुरे." या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने खरंच माझी सोय बघितली होती, आणि तेच मला जास्त लागलं. टोमणा असता तर मी उलट टोमणा मारून मोकळी झाले असते.

मी ह्यांना म्हटलं, "आपण भाड्याची गाडी करू."

हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला, चष्मा काढला. "दारात गाडी असताना?"

"दारातली गाडी संध्याकाळी आंधळी होते, त्याला मी काय करू? मला या वेळी शेवटपर्यंत थांबायचंय. सगळे उठेपर्यंत. एकदा तरी."

ह्यांनी पेपर परत उचलला. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर गाडीचे दोन्ही दिवे काढलेले आणि हे ओट्यावर बसून त्यांच्या आतल्या वाट्या घासतायत. उजेड पुढे फेकायला दिव्याच्या आत एक चकचकीत वाटी असते, रिफ्लेक्टर म्हणतात तिला. ती काळवंडली होती. थिएटरात मशीनच्या दिव्यामागचा आरसा हे रोज पुसायचे, तो लख्ख ठेवला की पडदा उजळतो हे ह्यांना ठाऊक. म्हणून त्याच हिशेबाने ह्यांनी या वाट्यांना पितळेचं पॉलिश लावलं आणि सगळं बळ एकवटून घासलं. आता मशीनचा आरसा होता काचेचा. या वाट्यांना होता चांदीचा पातळ मुलामा. तो सगळा फडक्यावर आला आणि खालून पिवळं पितळ बाहेर पडलं. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. रात्री लावून बघितले तर चार पावलांऐवजी दोनच पावलं दिसायला लागली.

"काय उजेड पाडलात," मी म्हटलं.

"काचेचाच आरसा वाटला गं," हे म्हणाले. तोंड एवढंसं झालं होतं, म्हणून मी पुढचं गिळलं.

मग गाडीच्या वायरिंगचं काम करणाऱ्याला बोलावलं. जाड भिंगाचा चष्मा, कानाला पेन्सिल, बोलणं थोडं. त्याने बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेरच काढलं नाही. मग म्हणाला, "काका, नुसते बल्ब बदलून उपयोग नाही. दिव्याचा सगळा करंट आधी आतल्या बटणापर्यंत येतोय आणि तिथून परत पुढे जातोय. वायरी जुन्या, बारीक. जाऊन-येऊन दमतो बिचारा. बटण गरम होतं का?"

"होतं," हे म्हणाले. "वासही येतो."

"येणारच."

त्याने सांगितलं की दिवे नवे बसवू, त्याच मापाचे, त्याच गोल काचेचे, म्हणजे गाडीचा चेहरा बदलणार नाही. आत हॅलोजनचे बल्ब. वायरी जाड टाकू, बॅटरीतून थेट दिव्यापर्यंत. आणि मध्ये रिले बसवू, म्हणजे काडेपेटीएवढी एक डबी. बटणाने नुसता हुकूम सोडायचा, ओझं डबीने वाहायचं. मी म्हटलं, आमच्या घरात अशी डबी आधीपासून आहे, तिला ‘मी’ म्हणतात. वायरिंगवाला हसला. हे हसले नाहीत, ह्यांना सगळ्यांत मोठे बल्ब हवे होते आणि तो नाही म्हणत होता. "डायनॅमो जुना आहे काका. पुरवठा बघून मागणी करा. साधा हॅलोजनच तुम्हाला दिवसासारखा वाटेल."

काम दोन दिवस चाललं. हे त्याच्या शेजारी उभे, हातात वायरचं टोक, मधूनच स्क्रू द्यायचा, मधूनच सल्ला. सल्ला तो ऐकून घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा. दिव्यांभोवतीच्या जुन्या चकचकीत कड्या ह्यांनी जपून ठेवल्या होत्या, त्या परत बसवल्या. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला गाडी समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. हे आत बसले. बटण दाबलं. डबीने आतून टक् असा आवाज केला आणि भिंत उजळली. मला खोटं बोलायचं नाही, मला भरून आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नाक पुसून आले.

आता दिवे लावायचं काम राहिलं, म्हणजे त्यांची दिशा. वायरिंगवाल्याने दिव्याच्या मध्याची उंची मोजून भिंतीवर खडूने रेघ ओढली आणि दिव्याच्या कडेचे स्क्रू फिरवून उजेडाची वरची कड त्या रेषेच्या चार बोटं खाली आणली. "हे असंच राहू द्या," म्हणाला, हात पुसले आणि गेला.

हे भिंतीकडे बघत राहिले. मीही बघत होते. खालची भिंत उजळलेली, वरची सगळी काळी.

"अर्धाच पडदा," हे म्हणाले.

"मलाही तेच वाटलं," मी म्हटलं. "एवढं सगळं केलं आणि उजेड आपला पायाशीच?"

"थिएटरात असं लावलं असतं तर लोकांनी खुर्च्या मोडल्या असत्या."

मी इथेच गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हटलं, "मग करा की वर. तुमच्याइतकं उजेडातलं कुणाला कळतं?" बस. हरभऱ्याच्या झाडावर चढायला ह्यांना शिडी लागत नाही. हे स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले. एकेका दिव्यावर चादर टाकून दुसरा लावला, मग दोन्ही वर्तुळं एकमेकांवर अशी बरोबर बसवली की कड कुठे ते कळू नये. भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत, खालून वरपर्यंत, सारखी उजळली. गल्लीतले लोक बाहेर येऊन बघून गेले. शेजारची म्हणाली, "काकू, पिक्चर कधी सुरू होतोय?" ह्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मीही म्हटलं, वा.

समारंभाच्या दिवशी ह्यांनी मुद्दाम उशीर केला. मी तयार होऊन दारात उभी, आणि हे टायरमधली हवा बघतायत, काच पुसतायत, घड्याळ बघतायत. माझ्या लक्षात आलं. ह्यांना दिवे लावूनच निघायचं होतं. इतकी वर्षं अंधार पडला म्हणून परत फिरलो, आज अंधार पडला म्हणून निघणार होते. सहा वाजून जाणार हे दिसत होतं, तरी मी पायरीवर टेकले. सूर्य छपरांमागे गेला, हे गाडीत बसले, टक् असा आवाज झाला आणि आम्ही निघालो.

काय सांगू तुम्हाला. झाडांचे शेंडे दिसत होते, वरच्या तारा दिसत होत्या, दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीतले वाळत घातलेले कपडे दिसत होते. हे दर दोन मिनिटांनी विचारायचे, "दिसतंय ना?" आणि मी म्हणायचे, "सगळं दिसतंय." गावाबाहेर पडलो तशी समोरून गाड्या यायला लागल्या. पहिल्याच गाडीने आपले दिवे दोनदा उघडझाप केले. मग दुसरीने. मग एका मोटारसायकलवाल्याने हात वर केला. जुनी गाडी बघून दिवसा लोक असे हात करतात, हॉर्न वाजवतात, ते आम्हाला नेहमीचंच होतं.

"बघितलंस?" हे म्हणाले. "अंधारातसुद्धा ओळखतात गाडीला."

"दिवे बघून ओळखत असतील," मी म्हटलं.

मग हेही आपले दिवे उघडझाप करून उत्तर द्यायला लागले. जो येईल त्याला सलाम, जो करील त्याला सलाम. एका ट्रकवाल्याने तर खूप वेळ हॉर्न वाजवला, त्याला ह्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून हलवला. आयुष्यात अंधारात कधी गाडी न चालवलेलं एक आणि शेजारी न बसलेलं एक, अशी दोन माणसं एका गाडीत बसली की असंच होणार. आम्ही दोघं राजा-राणीसारखे सगळ्यांचे सलाम घेत चाललो होतो.

टेकडी चढायला लागल्यावर समोरून एक बस आली. तिने उघडझाप केली, आम्ही केली. तिने परत केली, आम्ही परत केली. बस थांबली, रस्त्याच्या मधोमध. ड्रायव्हर खाली उतरला. एक हात डोळ्यांवर आडवा धरून चालत आला आणि ह्यांच्या खिडकीशी वाकला. ह्यांना वाटलं, गाडीचं मॉडेल विचारायला आला असेल. हे हसून सांगायलाही लागले होते.

"काका," तो म्हणाला, "दिवे खाली करा हो. मला काही म्हणजे काही दिसत नाहीये. मागे चाळीस माणसं बसलीत माझ्या."

"डिपरवरच आहेत, खालच्या झोतावर," हे म्हणाले.

"मग बसवलेत कुणी असे, आभाळाकडे? वळणावर गाडी दरीत घातली असती मी." माणूस वयाने आमच्या मुलीएवढा. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. डोळे चोळत म्हणाला, "अजून हिरवं-निळं दिसतंय."

ह्यांनी दिवे बंद केले. बस गेली. तिच्यामागे थांबलेल्या गाड्या एकेक करून गेल्या. हे स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते. मग गाडी हळूच रस्त्याकडेच्या गोदामाच्या अंगणात घेतली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून माझ्या हातात दिली.

"मी नाही चालवत," हे म्हणाले. "फोन करून भाड्याची गाडी बोलाव. तू जा. मी इथे थांबतो."

"अहो, काहीतरीच काय?"

"एवढे सगळे लोक मला सांगत होते. सगळे. आणि मी हात हलवत होतो." आवाज इतका बारीक की मला कान द्यावा लागला. "इतकी वर्षं लोकांना नीट दिसावं म्हणून बसलो तिथे वर. आणि आज निम्म्या रस्त्याचे डोळे घालवले."

मला ह्यांची दया आली, आणि त्याच क्षणी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दोन्ही एकदम होतं ते नवराबायकोतच होत असावं. मी म्हटलं, "मी जाऊ? एकटी? एकटी जायला मला गाडी कशाला हवी होती? एकटी मी सगळीकडे गेलेय. बारशांना गेलेय, लग्नांना गेलेय, मुलीच्या शाळेच्या नाटकाला एकटी बसलेय शेजारची खुर्ची अडवून, येतील येतील म्हणून. धाकटीचा समारंभ गेला उडत. मला तुमच्याबरोबर जायचंय. मला तुमच्याबरोबरची एक संध्याकाळ हवी आहे, आणि ती मिळाल्याशिवाय मी इथून हलणार नाही. बसू आपण दोघं या गोदामाच्या दारात."

मी इतकं सगळं एका दमात कधी बोलले नव्हते. मला वाटतं, मी हे कधीच बोलले नव्हते, नुसती भांडी आपटली होती.

ह्यांनी माझ्या हातातली किल्ली परत घेतली, डिकी उघडली आणि स्क्रू ड्रायव्हर काढला.

पण मोजायला खडू नाही, पट्टी नाही. रस्त्यावरच्या खांबाचा थोडा उजेड होता तेवढाच. मी गाडीसमोर जाऊन उभी राहिले. खांद्याला लांब पट्ट्याची पर्स होती. तिचा तळ बरोबर दिव्याच्या मध्यावर आला. मी म्हटलं, "झालं माप. पर्सवर उजेड येता कामा नये." हे गाडी हळूच पुढे-मागे करत गोदामाच्या भिंतीसमोर नेमकी सरळ उभी करून आले आणि मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले.

ह्यांनी दिवे लावले. मी डोळे गच्च मिटले, तरी पापण्यांतून लाल दिसत होतं. तेव्हा मला त्या बसवाल्याचं कळलं. उजेडाच्या पलीकडे हे कुठे आहेत, काय करतायत, काही दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. "सांग," हे म्हणत होते. "सांगत राहा."

"अजून तोंडावरच आहे. अजून. आता हनुवटीवर. गळ्यावर. अहो, उलटं फिरवताय, परत नाकावर आला!"

"इकडून?"

"हां, इकडून. छातीवर. पोटावर. सावकाश."

उजेड एकेक इंच खाली उतरत होता आणि त्याच्या वर, अंधारात, मला हे दिसायला लागले. गुडघ्यावर बसलेले, चांगल्या पँटीला माती लागलेली, जीभ दातांत धरलेली. रीळ बदलताना हे असेच दिसत असतील. मी कधी वर जाऊन बघितलं नव्हतं. मी म्हटलं, "पर्सवर आला. आणखी. आणखी चार बोटं. बास."

मग दुसरा दिवा. तेवढ्यात गोदामाचा राखणदार बाहेर आला आणि त्याने बघितलं ते असं की एक नटलेली बाई भिंतीला टेकून उभी आहे आणि एक म्हातारा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसलाय. "काही मदत हवी का बाई?" त्याने मलाच विचारलं. मी म्हटलं, नको, नवरा आहे.

परत रस्त्यावर आलो. उजेड आता रस्त्यावर पडत होता, डांबरावर, कडेच्या पांढऱ्या पट्ट्यावर, वळणावरच्या दगडांवर. झाडांचे शेंडे दिसत नव्हते, आणि ते दिसायची गरज नव्हती. समोरून पहिली गाडी आली तेव्हा ह्यांनी वेग कमी केला. मला ह्यांचा श्वास ऐकू येत होता. गाडी आली आणि निघून गेली. उघडझाप नाही, हॉर्न नाही. दुसरी आली, तीही गेली. कुणी आमच्याकडे लक्षसुद्धा दिलं नाही.

"कुणी बघत नाही," हे म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. थिएटरातल्या त्या वरच्या खोलीत सगळं नीट चाललंय याची हीच खूण होती, असं ह्यांनी मला नंतर सांगितलं. काम चांगलं झालं की मागे वळून कुणी बघत नाही.

शाळेत पोचलो तेव्हा भाषणं संपली होती. हॉलमध्ये लोक चहाचे कप घेऊन उभे होते, निम्मे निघायच्या बेतात. धाकटी हार-गुच्छांच्या ढिगाऱ्यामागून आमच्याकडे बघत राहिली. "ताई? या वेळेला? आणि भावोजी तुम्ही?" मग तिच्या नेहमीच्या घाईने टेबलाखालून एक डबा काढला आणि माझ्या हातात दिला. "केक आहे, सामोसे आहेत, दोघांचं भरून ठेवलं होतं सकाळीच. तुम्हाला निघायचं असेल. रस्ता अंधाराचा आहे."

दर वेळी ती आम्हाला असा डबा द्यायची. तिच्या घरचे अर्धे डबे माझ्या फडताळात आहेत. मी हात पुढे केलाच होता, सवयीने, आणि तोंडातही तेच वाक्य आलं होतं. पण ह्यांनी डबा मधल्यामध्ये घेतला. जवळची खुर्ची ओढली, एक माझ्यासाठी ओढली, बसले, मांडीवर डबा उघडला आणि सामोसा काढून खायला लागले.

"आम्हाला कसली घाई?" तोंडात घास ठेवूनच हे धाकटीला म्हणाले. "तू बस. दिवसभर काय काय झालं ते पहिल्यापासून सांग."

धाकटी टेबलाला वळसा घालून आली. मग तिने तिसरी खुर्ची आणली. ती सांगत होती, हे विचारत होते, मी केक खात होते आणि मला काहीच बोलावंसं वाटत नव्हतं. मला फार सुख वाटत होतं, एवढंच. लोक येऊन तिला भेटून जात होते. कप उचलले गेले, खुर्च्या एकावर एक लागल्या, फक्त आमच्या तीन राहिल्या. शेवटी शाळेचा शिपाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन दारात आला, घुटमळला, खाकरला.

"बाई, दिवे बंद करायचे होते," तो म्हणाला.

"करा की," हे म्हणाले. "आमच्याकडे आहेत."